अकाउंट्समधून डेटा अ‍ॅनालिटिक्समध्ये: माझा अनुभव

अकाउंट्स सोडून डेटामध्ये कशी आलीस, कोर्स कुठला केलास, मशीन लर्निंग (जुन्या डेटावरून कॉम्प्युटरला अंदाज बांधायला शिकवणं) यायलाच लागतं का, असं बरेच जण विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय.

कोर्सच्याही आधी मी नोकरीच्या जाहिराती वाचायला घेतल्या आणि मला आजही वाटतं की तोच वेळ सगळ्यात सत्कारणी लागला. नुसतं पदाचं नाव नाही, तर खाली काम काय करायचंय ते जे लिहिलेलं असतं ना, ते. कारण नावावर काहीच कळत नाही, एका ठिकाणी डेटा सायंटिस्ट म्हणतात आणि रोजचं काम असतं डॅशबोर्ड (आकडे आलेखांत दाखवणारा स्क्रीन) बनवायचं, दुसरीकडे अ‍ॅनालिस्ट म्हणून हवा असतो तो पाइपलाइन (डेटा एकीकडून दुसरीकडे आपोआप नेणारी व्यवस्था) बांधणारा इंजिनिअर. मग मी नावं सोडली आणि काम काय एवढंच बघायला लागले. डेटा ठिकठिकाणाहून आणून नीट साठवायचा आणि तो रोज वेळेवर येतोय ना हे बघायचं, हा डेटा इंजिनिअर. काय झालं आणि का झालं हे शोधून समोरच्याला समजेल असं सांगायचं, हा अ‍ॅनालिस्ट. पुढे काय होईल याचं मॉडेल बनवायचं, हा सायंटिस्ट, तिथे स्टॅटिस्टिक्स पक्कं लागतं. आणि ते मॉडेल प्रत्यक्ष चालू सिस्टीममध्ये बसवून सांभाळायचं, हा एमएल म्हणजे मशीन लर्निंग इंजिनिअर. कंपनी लहान असेल तर हे सगळं एकाच माणसाच्या गळ्यात पडतं हेही खरंच.

मी अ‍ॅनालिस्ट निवडलं कारण दोन आकडे जुळले नाहीत की ते का जुळत नाहीत याच्या मुळाशी जायची सवय अकाउंट्सने आधीच लावली होती.

शिकायला सुरुवात एसक्यूएलपासून केली, म्हणजे डेटाबेसमधून हवी ती माहिती काढायची भाषा. ही भाषा १९७० च्या दशकात आयबीएममध्ये तयार झाली आणि अजूनही जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत ती असतेच. माहिती निवडायचं सिलेक्ट, गट करायचं ग्रुप बाय, टेबलं जोडायचं जॉइन हे पटकन येतं, खरा कस लागतो तो रिकाम्या जागांशी म्हणजे नलशी. समजा दोन टेबलं आहेत, ग्राहक आणि ऑर्डर, आणि ज्यांनी एकही ऑर्डर दिली नाही असे ग्राहक शोधायचेत. सरळ 'नॉट इन' लावून ऑर्डरमधले ग्राहक क्रमांक वगळले, पण त्या कॉलममध्ये एक जरी नल असेल तर उत्तरात एकही रो म्हणजे ओळ येत नाही, आणि एररसुद्धा येत नाही! कारण नल म्हणजे 'माहीत नाही', आणि माहीत नसलेल्या गोष्टीपेक्षा हा क्रमांक वेगळा आहे असं डेटाबेस ठामपणे म्हणू शकत नाही. म्हणून तिथे 'नॉट एक्झिस्ट्स' (जुळणारी ऑर्डरच नाही असे) वापरायचं, नाहीतर लेफ्ट जॉइन करून, म्हणजे सगळे ग्राहक ठेवून त्यांना ऑर्डर जोडून, जिथे ऑर्डरची जागा रिकामी तिथे 'इज नल' बघायचं. हे मुद्दाम सविस्तर लिहितेय कारण आता एआय टूल क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) चुटकीसरशी लिहून देतं, पण रिकामं उत्तर बघून 'असं कसं होईल' ही शंका तुमच्याच मनात यायला हवी.

पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि तिच्यातलं डेटा हाताळायचं पॅन्डास नंतर शिकले, डॅशबोर्ड बनवायचं पॉवर बीआय त्याच्याही नंतर, आणि डॅशबोर्डचं टूल एक नीट आलं की दुसरं फार जड जात नाही.

सरावाला कॅगल या डेटाच्या सरावाच्या साइटवरचा, बुडालेल्या टायटॅनिक जहाजाच्या प्रवाशांचा डेटा घेतला. सगळेच तो वापरतात म्हणून काही जण नाक मुरडतात, मला तो खूप शिकवून गेला. मॉडेल शिकवायच्या फाइलमध्ये ८९१ प्रवासी आहेत, त्यातल्या १७७ जणांचं वय नाहीये आणि ६८७ जणांची केबिन नाहीये. केबिनचा कॉलम काढून टाका असं सर्रास सांगतात, पण मी आधी केबिन नोंदलेले आणि न नोंदलेले असे दोन गट केले. नोंद असलेल्यांपैकी साधारण ६७ टक्के वाचलेले, नोंद नसलेल्यांपैकी ३० टक्के. केबिनच्या नोंदी बहुतेक पहिल्या वर्गाच्याच आहेत, त्यामुळे नोंद नसणं हीच एक माहिती झाली. रिकामी जागा दिसली की लगेच सरासरी भरायची नाही, आधी ती कोणाची रिकामी आहे ते बघायचं, हे तिथे पक्कं झालं.

पोर्टफोलिओसाठी, म्हणजे इंटरव्ह्यूत दाखवायच्या कामासाठी मात्र स्वतःच्याच बँक स्टेटमेंटवर प्रोजेक्ट केला, एकच नाव दर वेळी वेगळ्या स्पेलिंगने आलेलं असायचं आणि बहुतेक वेळ ते साफ करण्यातच गेला. इंटरव्ह्यूमध्ये त्याच प्रोजेक्टवर सगळ्यात जास्त बोलणं झालं. अर्ज पुष्कळ केले, बऱ्याच ठिकाणांहून उत्तरच आलं नाही.

एका इंटरव्ह्यूत विचारलं, प्रत्येक गटात विक्रीचं प्रमाण वाढलंय तरी एकूण प्रमाण घटलंय, असं होऊ शकतं का? होऊ शकतं, याला सिम्पसन्स पॅराडॉक्स म्हणतात. मी अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचं १९७३ चं उदाहरण सांगितलं, तिथे पदव्युत्तर प्रवेशात अर्ज केलेल्या पुरुषांपैकी ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला आणि स्त्रियांपैकी ३५ टक्क्यांना, पण विभागवार बघितलं तर तसा फरक बहुतेक ठिकाणी दिसेना, कारण जिथे प्रवेश मिळणं मुळातच अवघड होतं अशा विभागांकडे स्त्रियांचे अर्ज जास्त होते. गटांचं आपसातलं प्रमाण बदललं की एकूण आकडा फिरतो, हे समोरच्याला पटलं आणि पुढच्या राउंडला बोलावलं. तीच नोकरी मिळाली.

कामावर लागल्यावर पहिला प्रश्न आला की अ‍ॅक्टिव्ह ग्राहक किती. मार्केटिंगच्या हिशोबात लॉगिन केलेले सगळे अ‍ॅक्टिव्ह, फायनान्सच्या हिशोबात फक्त पैसे भरलेले, म्हणजे दोघांचेही आकडे आपापल्या जागी बरोबर. दोन्ही टीमना एकत्र बसवून व्याख्या लिहून घेतली, मगच क्वेरीला हात लावला. तिथे पायथॉन लागलं नाही की मॉडेल लागलं नाही, लोकांशी नीट बोलता येणं लागलं, आणि जाहिरातीत 'कम्युनिकेशन स्किल्स' असं जे शेवटी कुठेतरी लिहिलेलं असतं ते खरं तर वर असायला हवं इतकं ते कामाचं आहे. सध्या ए/बी टेस्टिंग (दोन पर्याय वेगवेगळ्या लोकांना दाखवून कुठला चांगला चालतो ते बघणं) शिकतेय, किती लोकांवर टेस्ट चालवायची हे सुरू करायच्या आधीच कसं ठरवायचं, तिथवर आलेय.