गच्चीवरच्या अकरा मुलांपासून

मी साताऱ्यातल्या एका माध्यमिक शाळेत नऊ वर्षं मराठी शिकवत होते. २०१२ च्या सहामाहीला ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या विषयावरचे अठ्ठेचाळीस निबंध तपासायला घेतले आणि अर्ध्यातच लाल पेन खाली ठेवलं. ‘आकाशात काळेकुट्ट ढग दाटून आले होते, विजा कडाडत होत्या, मोर थुईथुई नाचू लागला.’ तीसेक वह्यांत हीच सुरुवात, शब्दाला शब्द. गाईडमधून पाठ केलेली. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहणारी ही मुलं. पावसाळ्यात किल्ला दोन-दोन दिवस धुक्यात गडप होतो, गणवेश वाळत नाहीत म्हणून आया ते तव्याशेजारी धरतात, यवतेश्वरच्या घाटात दरड आली की वरच्या गावांतली मुलं शाळेत पोचत नाहीत. यातलं एक अक्षर कुणाच्या वहीत नव्हतं. मुलांना लिहिता येत नव्हतं असं नाही. आपल्या घरातलं, गल्लीतलं काही लिहायचं असतं हेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायचं काम माझं होतं.

पुढच्या मे महिन्यात, निकाल लागल्यावर, घराच्या गच्चीवर मुलांसाठी लेखनाचं पहिलं शिबिर घेतलं. मिस्टरांनी पत्र्याची शेड घातली, बाजूंनी हिरवी जाळी बांधली. हातानं लिहिलेली जाहिरात झेरॉक्स काढून दोन स्टेशनरीच्या दुकानांत आणि गिरणीत लावली. चौथी ते सातवीची अकरा मुलं आली. दहा दिवस, सकाळी आठ ते अकरा, फी ५०० रुपये. जमले ५,५०० आणि कागद, पुठ्ठा, सतरंज्यांचं भाडं, कोकम सरबत मिळून खर्च झाला ५,२००. उरलेल्या तीनशेचे कंदी पेढे आणून शेवटच्या दिवशी वाटले.

तेव्हापासून एक पद्धत ठरून गेली आहे. पहिले दोन दिवस निबंध नाही, गोष्ट नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना घेऊन मंडईत जायचं. प्रत्येकाकडे हाताएवढी वही आणि पेन्सिल. कानावर पडलेली दहा वाक्यं जशीच्या तशी उतरवायची, आपल्या पदरचा एकही शब्द घालायचा नाही. पहिल्याच वर्षी इंग्रजी माध्यमातल्या पाचवीच्या एका मुलानं लिहून आणलं : ‘शेवटचा ढीग हाय, घ्या की वो मावशी, परत उनात कुठं येताय.’ घरी येऊन त्यानं ते वाचून दाखवलं तेव्हा त्याचा आवाजच बदलला होता. त्या एका वाक्यावरून त्यानं त्या भाजीवालीची गोष्ट लिहिली. ती पहाटे कुठून निघते, ढीग उरला तर घरी काय होतं, तिचा मुलगा कितवीत आहे. दीड पान. वर्षभरात मराठीत त्यानं तेवढं सलग कधी लिहिलं नव्हतं.

समारोपाला त्याचे वडील आले. वही चाळून म्हणाले, “बाई, हे ‘हाय’ न् ‘वो’ आम्ही पैसे भरून शिकवायला पाठवलं होतं का?” मी त्यांना ती गोष्ट बसून पूर्ण वाचायला सांगितली. ती भाजीवाली ‘शेवटचा ढीग आहे, कृपया घ्या’ असं म्हणाली असती तर ती साताऱ्याच्या मंडईतली राहिली असती का, एवढंच विचारलं. ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या वर्षी धाकटीचंही नाव घातलं. हा प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतंच आणि माझं उत्तर बदललेलं नाही. ऱ्हस्व-दीर्घ आम्ही शिकवतो, नीट शिकवतो, पण सातव्या दिवशी. तोवर मुलाला आपल्या लिहिण्याबद्दल माया वाटायला लागलेली असते, मग वेलांटी कुठली हे ते स्वतःहून विचारतं. पहिल्याच ओळीवर लाल खूण पडली की मूल दुसरी ओळ गाईडमधली लिहितं.

गच्चीवरच्या दिवसांतली एक दुपार माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. २०१४ साल. मोठ्या मुलांची तुकडी आम्ही दुपारी घेत होतो. चारच्या सुमारास वळीव आला, गारांचा. पत्र्यावर असा ताशा सुरू झाला की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येईना. मुलं आधी घाबरली, मग ओरडायला लागली, आणि मी हातवारे करून सगळ्यांना वह्या उघडायला लावल्या. आवाज लिहा. वीस मिनिटांत गारा थांबल्या. ‘कुणीतरी वरून हरभऱ्याची पोती ओततंय’, ‘आमच्या गिरणीत दळण संपलं तरी चालू राहिलेल्या जात्यासारखं.’ दुसरं वाक्य गिरणीवाल्याच्या मुलीचं. दोनच वर्षांपूर्वीचे ते अठ्ठेचाळीस निबंध आठवले आणि मला भरून आलं. जाळी फाटली, सतरंज्या भिजल्या, पण मोर कुणाच्याच वहीत आला नाही.

शेवटचे दोन दिवस पुस्तकबांधणीचे. आठ कोरे कागद मधोमध दुमडायचे, नखानं नाही तर लाकडी पट्टीनं घडी दाबायची, घडीवर दाभणानं तीन भोकं पाडायची. दोरा मधल्या भोकातून आत, वरच्यातून बाहेर, खालच्यातून आत आणि परत मधल्यातून बाहेर, मग पाठीवर गाठ. दोऱ्याला मेण लावलं की तो सुटत नाही. वरून खळीनं पुठ्ठा चिकटवून रात्रभर पाट्याखाली ठेवायचा. मैद्याची खळ घरीच शिजवतो, चिमूटभर मोरचूद घातलं की कसर लागत नाही. मोरचूद विषारी, म्हणून ती शिजवणं आणि लावणं फक्त मोठ्यांकडे. स्वतः शिवलेल्या पुस्तकात मूल आपली गोष्ट सुवाच्य अक्षरात उतरवतं, मुखपृष्ठ काढतं, किंमतही टाकतं. शाळाशाळांत हस्तलिखितं निघायची ती आता फारशी दिसत नाहीत, म्हणून हा भाग मी कितीही घाई असली तरी सोडत नाही.

२०१६ मध्ये नोकरी सोडली. चित्रकला शिकवणारी माझी मैत्रीण भागीदार म्हणून आली, शॉप ॲक्टची नोंद केली, बँकेत चालू खातं काढलं. हौस आणि धंदा यांतला फरक त्या वर्षी कळला. कमाई दोन महिन्यांची आणि घर चालवायचं बारा महिने. मग दिवाळीच्या सुट्टीतलं चार दिवसांचं शिबिर आलं, दर शनिवारचा वर्ग आला.

चुकाही केल्या. २०१७ ला मुलं वाढली म्हणून स्पर्धा ठेवली, पहिला-दुसरा-तिसरा नंबर काढला. बक्षीस न मिळालेल्या सहावीतल्या एका मुलीनं आजोबांच्या आजारपणावर लिहिलेलं पुस्तक तिथंच खुर्चीवर ठेवलं आणि निघून गेली. ते पुस्तक द्यायला मी तिच्या घरी गेले तेव्हा ती बाहेरच आली नाही. स्पर्धा त्या दिवशी बंद झाली ती कायमची. पुढच्या वर्षी एका संस्थेनं तोंडी कबूल केलेला हॉल शिबिराच्या चार दिवस आधी लग्नासाठी देऊन टाकला. बेचाळीस पालकांना फोन करताना घशाला कोरड पडली. मग एका विद्यार्थ्याच्या आजोबांनी आपल्या वाड्याचा चौक उघडून दिला आणि दोन वर्षं आम्ही तिथंच होतो. तेव्हापासून जागेचा करार लेखी.

मुलांना एक दिवस बाहेर नेतो. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा आणि कृष्णेचा घाट आहे. तिथं टांगलेली मोठी पोर्तुगीज घंटा १७३९ च्या वसईच्या विजयानंतर आलेली, तिच्यावर बाळाला घेतलेल्या मेरीची आकृती आहे. समुद्रकाठच्या चर्चमधली घंटा कृष्णाकाठच्या देवळापाशी काय विचार करत असेल, एवढंच विचारायचं. ‘घंटेचे आत्मवृत्त’ म्हटलं की ठरावीक वाक्यं येतात, तो शब्द आम्ही उच्चारतच नाही. एका मुलीनं लिहिलं होतं, ‘मला इथली भाषा येत नाही, पण वाजवलं की सगळे हात जोडतात.’

दुसरी जागा भिलार. ४ मे २०१७ ला ते पुस्तकांचं गाव झालं आणि आमचं नशीबच उघडलं. लोकांच्या घरांत पुस्तकं मांडलेली, ओसरीवर बसून वाचा, कुणी उठवत नाही. मुलं स्ट्रॉबेरी खातात म्हणून पानं चिकट होतील याची काळजी तेवढी आम्हाला.

२०२० ला मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि भरलेली फी परत केली. तीन हप्त्यांत केली, पण केली. मे महिन्यात रोज सकाळी मी फोनवर एक ध्वनिमुद्रित खेळ पाठवायचे, फुकट. ‘खिडकीतून दिसणारा माणूस कुठं चाललाय?’ काही मुलांच्या खिडकीतून दिवसभर कुणीच जात नव्हतं, आणि त्यांनी तेच लिहिलं. ती पानं मी जपून ठेवली आहेत.

आता दोन वर्षं जावळी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत पाच दिवसांचं मोफत शिबिर घेतो. शहरातल्या फीमधून त्याचा खर्च निघतो. तिथं तारखा ठरवताना पंचांग आधी काढावं लागतं, कारण चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा. मुंबईला माथाडी काम करणारे वडील यात्रेला घरी येतात, तेव्हा कुठलं मूल शिबिराला येईल? यात्रा झाली, वडील परत गेले, की मग आम्ही जातो. त्या आठवड्यातलं लिहिणं मात्र जपून वाचावं लागतं. एका मुलानं फक्त एसटीच्या मागच्या काचेबद्दल लिहिलं होतं.

२०२५ ला राज्यभर परीक्षा २५ एप्रिलपर्यंत लांबल्या आणि एप्रिलच्या दोन तुकड्या रद्द झाल्या. दहा दिवसांची फी सध्या २,६०० रुपये आहे. एका तुकडीत अठराच मुलं, कारण त्याहून जास्त पुस्तकं रोज रात्री मी मनापासून वाचू शकत नाही, आणि वाचल्याशिवाय प्रत्येकाला चार ओळींचं पत्र लिहिता येत नाही. मोठा हॉल घ्या, चाळीस घ्या, असं अनेकांनी सुचवलं. हिशेबानं ते बरोबर आहे. मला ते जमणार नाही.

गेल्या मे महिन्यात सातवीतल्या एका मुलाची गोष्ट दहा दिवसांत संपली नाही. कासच्या रस्त्यावर एका स्कूटरवाल्यासमोर बिबट्या येऊन बसतो, अशी सुरुवात. आता तो दर शनिवारी पुढचं पान घेऊन येतो. दोन वह्या भरल्यात, तिसरी परवा आम्ही दोघांनी मिळून शिवली. स्कूटर बंद आहे, पाऊस लागलाय आणि बिबट्या अजून उठलेला नाही.