गाईच्या पोटातलं पुस्तक

"गाईच्या भजनसंग्रहात चारा अडकून घट्ट झाला आहे." आज दुपारी हे वाक्य स्क्रीनवर आलं आणि मी थांबलेच. जर्मन पशुवैद्यकाचा रिपोर्ट इंग्रजीत आणायचा होता, मशीनने पहिला खर्डा दिला होता, आणि मूळ शब्द होता 'प्साल्टर'.

प्साल्टर म्हणजे स्तोत्रांचं पुस्तक, तेही खरंच, पण गाईच्या बाबतीत ते तिच्या पोटाचा तिसरा कप्पा. आत पातळ पडदे एकावर एक, अगदी पुस्तकाच्या पानांसारखे, म्हणून हे नाव. याच कप्प्याला जर्मनमध्ये 'ब्लेटरमागेन' पण म्हणतात, पानांचं पोट, आणि गंमत बघा, जर्मन 'ब्लाट' म्हणजे झाडाचं पान आणि पुस्तकाचंही, आपल्या 'पान'सारखंच!

मी इंग्रजीत 'ओमेसम' लिहिलं. बरोबरच आहे, डॉक्टरला तेच हवं. पण लॅटिन शब्द, त्यात पान नाही की पुस्तक नाही, नुसतं लेबल. चौथा कप्पा 'लाबमागेन', यातलं 'लाब' म्हणजे चीज करताना दूध फाडायला वापरतात ते रेनेट, शब्दातच काम सांगितलंय. इंग्रजीत त्याचं 'अबोमेसम' झालं की तेही गेलं.

रिपोर्ट पाठवला, एकही चूक नाही. तरी संध्याकाळपासून ती पानंच डोळ्यासमोर येतायत. तुम्हाला होतं का असं कधी?