सव्वीसने भागायचं, तीसने नाही

अंधेरी एमआयडीसीतल्या एका पॅकिंग युनिटमध्ये मी ऑगस्ट २०१३ ला लागले आणि मार्च २०२४ अखेर राजीनामा देऊन बाहेर पडले. सलग पाच वर्षं भरली की राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मालकाने द्यायची एकरकमी रक्कम मिळते, एवढं मला ठाऊक होतं. शेठ म्हणाले, "तू पर्मनंट कुठे होतीस? अपॉइंटमेंट लेटर तरी आहे का तुझ्याकडे?" नव्हतंच. त्यांनीच कधी दिलं नव्हतं.

सासरे गिरणीत होते, १९८२ च्या संपातले. ते मला परळला त्यांच्या ओळखीच्या युनियनवाल्या काकांकडे घेऊन गेले. काकांनी पहिला प्रश्न विचारला, "पीएफ कापत होते का?" मोबाईलवर पासबुक उघडलं. दर महिन्याची जमा, वर कंपनीचं नाव. शिवाय ईएसआयसीचं, म्हणजे कामगार विम्याचं कार्ड होतं. "झालं की मग. लेटर नसलं म्हणून नोकरी खोटी ठरत नाही," काका म्हणाले. कायदा पर्मनंट-टेम्पररी बघत नाही, सलग सेवा बघतो.

ग्रॅच्युइटी मागायचा अर्ज, 'फॉर्म आय', भरून मालकाला रजिस्टर्ड पोस्टाने, पोचपावतीसह पाठवला. हातात देऊ नका, असं काकांनी बजावलं होतं. खरं तर कामगाराने अर्ज केला नाही तरी रक्कम काढून तीस दिवसांत द्यायची जबाबदारी मालकाचीच असते. उशीर केला तर वर दहा टक्के व्याज.

मग अकाउंटंटचा फोन आला. "मॅडम, आता आमच्याकडे आठच माणसं आहेत, कायदा लागूच होत नाही." एकदा दहा माणसं झाली आणि कायदा लागू झाला की पुढे संख्या घटली तरी तो सुटत नाही. हे मी सांगितल्यावर त्यांनी हिशोब काढला: एकाहत्तर हजार पाचशे.

माझा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिन्याची शेवटची रक्कम १४,३०० होती. त्यांनी ती तीसने भागली, पंधराने गुणली आणि वर्षं धरली दहा. कायद्यात सव्वीसने भागायचं असतं, कारण महिन्याच्या सुट्ट्या वजा होतात. म्हणजे दिवसाचे ५५०, पंधरा दिवसांचे ८,२५०. आणि माझी सेवा दहा वर्षं आठ महिने. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. अकरा वर्षांचे झाले ९०,७५०. एकोणीस हजार दोनशे पन्नास रुपये त्या दोन आकड्यांमध्ये गडप होत होते. अकाउंटंटला हे कळत नव्हतं, यावर माझा आजही विश्वास बसत नाही.

शेठनी रोख पन्नास हजार देऊ केले. तारीख न घातलेल्या 'फुल अँड फायनल', म्हणजे सगळा हिशोब मिटला अशा व्हाउचरवर सही हवी होती. मी सही केली नाही. नव्वद दिवसांच्या मुदतीत तक्रारीचा 'फॉर्म एन' भरून प्रकरण वांद्र्याच्या कामगार न्यायालयात गेलं. तिथलं काय सांगू? तारीख, मालकाचा वकील गैरहजर, पुन्हा तारीख. नवीन नोकरीतली रजा मात्र माझी कापली जात होती.

पासबुकाची प्रिंट आणि पगाराच्या बँक नोंदी दाखल झाल्यावर वकील नरमला. पूर्ण ९०,७५० आणि निम्मं व्याज यावर समझोता झाला, पैसे डिमांड ड्राफ्टने. निम्मं व्याज सोडायचं माझ्या मनात नव्हतं, पण काका म्हणाले, अपील झालं तर वर्षं जातील. सही केली, तरी तो राग आहेच.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू झाल्या. नियुक्तीपत्र प्रत्येकाला द्यायचं बंधन त्यांत आहे आणि ठरावीक मुदतीच्या नोकरीत एका वर्षानंतरही ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. जुन्या युनिटमधल्या मैत्रिणीला पत्र अजून मिळालेलं नाही. तिला म्हटलं, लेखी माग, आणि तोवर पासबुक दर महिन्याला डाउनलोड करून ठेव.