तुम्ही विचारलंत म्हणून: ‘डेव्हिल मे क्राय ४’ सोडून सरळ पाचवा खेळू का?

“मालिका सुरू करायचीय, पण चौथा भाग अर्धवट आहे म्हणतात. तो गाळला तर चालेल ना?” मामेभावानं विचारलं, ऑफिसातल्या नव्या मुलांनी विचारलं, गेल्या दिवाळीत तर एका मैत्रिणीच्या भाच्यानं फराळाचं ताट बाजूला ठेवून विचारलं. ‘डेव्हिल मे क्राय’ या व्हिडिओ गेमच्या मालिकेचा विषय माझ्या तोंडून निघाला की हा प्रश्न येतोच. उभ्या-उभ्या दिलेल्या उत्तरानं माझंच समाधान होत नाही, म्हणून एकदा बसून लिहिते.

आरोप आधी मान्य करते, कारण तो खरा आहे. २००८ साली कॅपकॉमनं काढलेल्या आणि हिदेआकी इत्सुनो यांनी दिग्दर्शित केलेल्या या गेममध्ये वीस मिशन्स आहेत. पहिली अकरा नीरो या नव्या तरुणाची. शहरातून तो बर्फातल्या किल्ल्यात जातो, तिथून जंगलात, तिथून ‘ऑर्डर ऑफ द सोर्ड’ या पंथाच्या मुख्यालयात. बाराव्या मिशनला मालिकेचा जुना नायक दांते आपल्या हातात येतो आणि अठराव्यापर्यंत तीच वाट उलटी चालतो. त्याच खोल्या, तेच पूल. बॉस, म्हणजे टप्प्याशेवटचे मोठे शत्रू, तेसुद्धा तेच: जंगलातली एकिडना, आगीनं पेटलेला बेरियल, आणि किल्ल्यातल्या बर्फाळ बेडकाचा फक्त रंग बदललेला जुळा. शेवटाकडे पुन्हा नीरो येतो, तेव्हा एका मोठ्या पटावर तलवारीनं फासा मारून सोंगटी सरकवायची असते आणि जुने बॉस आणखी एकदा मारायचे असतात. पहिल्यांदा खेळले तेव्हा त्या पटापाशी मी कंट्रोलर खाली ठेवून झोपायला गेले होते.

तरीही हा गेम मी दरवर्षी एकदा तरी काढते, आणि त्याचं कारण नीरोच्या तलवारीच्या मुठीत आहे.

त्या तलवारीचं नाव रेड क्वीन. तिची मूठ मोटरसायकलच्या हँडलसारखी पिळता येते. कंट्रोलरचा ट्रिगर दाबला की इंजिन घुमतं, तलवार तापते आणि पुढचा वार जास्त जोरात बसतो. असं तीन पायऱ्यांपर्यंत भरता येतं. उभं राहून, वेळ काढून भरणं कुणालाही जमतं. पण वार पूर्ण होतानाच्या अगदी नेमक्या क्षणी ट्रिगर दाबलात, तर एक पायरी तिथल्या तिथे भरते. याला खेळणारे एक्स-ॲक्ट म्हणतात. प्रत्येक वाराची लांबी वेगळी, म्हणून तो क्षणही प्रत्येक वाराला वेगळा. मी शाळेत असताना चार वर्षं तबला शिकले. समेवर हात पडला की अंगात जे होतं, ते मला त्यानंतर थेट या ट्रिगरवर सापडलं. पडद्यावर काही मोजून दाखवलेलं नसतं. कान आणि बोट यांनीच ते शोधायचं, आणि पाच-सहा वारांची माळ प्रत्येक सम पकडत पूर्ण झाली की शत्रू मेला की नाही हे मी बघतसुद्धा नाही.

नीरोचा उजवा हात सैतानाचा आहे, तो लांबवर जाऊन शत्रूला खेचून आणतो किंवा उचलून आपटतो. त्यामुळे शत्रू लांब पळाला म्हणून लय तुटत नाही. गन आहे ती दुय्यम. अकरा मिशन्स गेम तुमच्याकडून एवढंच घोटून घेतो, आणि ती शिकवणी मला फार चांगली वाटते. विकत घेतलेलं कौशल्य परत करून त्याचे सगळे गुण परत मिळतात, हीसुद्धा या भागाची मोठी मोकळीक. चुकीचं घेतलं म्हणून पस्तावायची वेळ येत नाही, सगळं वापरून बघता येतं.

मग दांते येतो. तिसऱ्या भागात त्याच्या सुरुवातीपासूनच चार शैली होत्या, पण एका वेळी त्यातली एकच निवडायची, लढाईच्या मध्ये बदलता येत नसे. चपळाईची घेतली तर तलवारीचे खास वार नाहीत, तलवारीची घेतली तर चपळाई नाही. चौथ्यात या चारही शैली चार दिशांच्या बटणांवर आणून ठेवल्या आणि लढाई चालू असताना, हवेत असतानासुद्धा, बदलायची मुभा दिली. शिवाय तीन हातघाईची शस्त्रं, तीन बंदुका, त्याही चालू वारात बदलता येतात. त्यात शत्रूच्या अंगावर पाय देऊन उडी मारली की चालू असलेला वार तिथेच तुटतो आणि नवा सुरू करता येतो. एवढ्या गोष्टी एकत्र आल्यावर एकाच बुजगावण्यावर, म्हणजे इथल्या सगळ्यात किरकोळ शत्रूवर, लोक वर्षानुवर्षं नवे कॉम्बो, म्हणजे वारांच्या माळा, शोधत राहिले. थोडेसे बोल आणि त्यांचे न संपणारे पलटे, तबल्यातल्या कायद्यासारखंच. ही कल्पना इतकी पक्की होती की तिसरा भाग २०२० साली निंटेंडो स्विचवर आला तेव्हा त्यात शैली खेळता-खेळता बदलायची सोय मुद्दाम घातली गेली.

आता माझी खरी तक्रार. वाट पुन्हा वापरली हे मी एक वेळ सोडून देईन. पण नीरोच्या एका तलवारीला अकरा मिशन्स आणि दांतेच्या या सगळ्या पसाऱ्याला सात? शस्त्रं एकामागून एक हातात पडतात, एक समजेपर्यंत दुसरं येतं. म्हणूनच कथा संपवलेल्या कित्येकांना दांते कधी खेळताच आला नाही. त्यांनी एक शैली धरली, एक तलवार धरली आणि शेवट गाठला. अशा माणसाला चौथा भाग अर्धवट वाटणारच, आणि त्यात चूक त्याची नाही.

काही शत्रू तर या लयीच्या वाटेतच येतात. ब्लिट्झ नावाचा एक विजेचा शत्रू आहे. अंगावर वीज असेपर्यंत त्याला तलवार लावायची सोय नाही, आणि डोळ्याला दिसणार नाही अशा वेगानं तो जागा बदलतो. किमेरा हे बी दुसऱ्या शत्रूच्या अंगात रुजतं आणि त्याचे फाटे आपल्या तालानं फिरत राहतात, म्हणजे तुमचा ताल गेला. कठीण शत्रू मला हवेच असतात, पण बेरियलसारखे: मोठा, जळता, आणि तरीही प्रत्येक हल्ल्याला उत्तर आहे असा. कॅमेराही काही खोल्यांत मध्येच कोन बदलतो आणि पुढे धावणारा नीरो मागे फिरतो.

कथेबद्दल थोडकंच बोलते. नीरोचं किरीएवरचं प्रेम मला मनापासून पटतं, तो चिडका मुलगा तिच्यासमोर शब्द शोधतो तेव्हा तर फारच. पण किरीएला पळवून नेलं जाण्यापलीकडे काम दिलेलं नाही. आणि पंथातली ग्लोरिया पहिल्यांदा येते तेव्हा कॅमेरा तिच्या अंगावरून ज्या पद्धतीनं फिरतो, ते मला तेव्हाही खटकलं होतं, आजही खटकतं.

२०१५ साली आलेली स्पेशल एडिशन घ्या. तिच्यात मालिकेतली जुनी पात्रं, व्हर्जिल, लेडी आणि ट्रिश, खेळता येतात. वाट मात्र तीच राहिली: लेडी नीरोची मिशन्स करते, ट्रिश दांतेची. नवीन जागा बघायची हौस असेल तर ती इथे फिटणार नाही. व्हर्जिल मात्र घ्याच. उगाच बटणं बडवली नाहीत, शांत चाललात, तर त्याची ताकद वाढत जाते, आणि त्यासाठी हात पुन्हा नव्यानं शिकावा लागतो.

तर माझं उत्तर असं, आणि मामेभावालाही मी हेच सांगितलं: गाळू नका. नीरोची अकरा मिशन्स सावकाश खेळा, एक्स-ॲक्ट लागायला लागेपर्यंत त्याच खोल्या पुन्हा करा. दांतेची सात उरकून टाका, हळहळू नका. मग ब्लडी पॅलेसमध्ये जा. तिथे कथा नाही, फासे नाहीत, फक्त एकावर एक १०१ मजले, घड्याळ आणि शत्रू. दांते खरा तिथे शिकता येतो. आज एक शैली घ्या, आठवडाभर तीच. ती अंगात भिनली की दुसरी जोडा.

त्यानंतर पाचवा लावा. नीरोच्या हातात रेड क्वीनच आहे, आणि मूठ पिळायचा क्षण तुमच्या बोटाला आधीच माहीत असेल.