टाचण आणि सावली

आमच्या घरात माझ्याआधी कोणी शिक्षक झाले नव्हते. वडील एस.टी.त कंडक्टर, आई घरच्या शेतात राबणारी. मुलगी बारावी झाली की नर्सिंगला घालायची, एवढे ठरलेले होते. तू शिक्षिका हो, असे मला या शाळेतही कोणी म्हटले नाही. दोन माणसांना काम करताना मी जवळून पाहिले आणि तेच काम आपण करावे असे वाटू लागले. आज मी सातारा जिल्ह्यातल्याच एका द्विशिक्षकी शाळेत शिकवते. आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत त्या दोघांविषयी लिहायला मिळते आहे, याचा मला फार आनंद आहे. आपले नाव कुठे छापून आलेले दोघांनाही आवडायचे नाही, म्हणून आम्ही म्हणायचो तसेच लिहिते: भूगोलाचे सर आणि मराठीच्या बाई.

सर साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ योजनेतून शिकलेले. कर्मवीर भाऊराव पाटलांविषयी ते भाषण करत नसत. फळ्यावर नुसती सनावळी लिहायचे: १९१९ ला काले येथे रयत शिक्षण संस्था, १९२४ ला साताऱ्यात वसतिगृह, १९३५ ला अध्यापक विद्यालय, १९४० ला हायस्कूल, १९४७ ला कॉलेज. मग खडू ठेवून विचारायचे, “हायस्कूलच्या आधी अध्यापक विद्यालय का काढलं असेल?” आम्ही आठवीतली मुले काहीबाही सांगायचो. सर ऐकून घ्यायचे आणि तास संपवायचे. मला तो प्रश्न चिकटला तो चिकटलाच. पहिल्या नेमणुकीच्या गावी भर पावसात ओढ्याला पूर आला, सहकारी गुरुजी पलीकडे अडकले आणि सगळे वर्ग एका खोलीत घेऊन मी शिकवत बसले, तेव्हा सरांना काय म्हणायचे होते ते कळले. इमारत नंतरही होते. त्या गावात जाऊन राहणारे माणूस आधी तयार व्हावे लागते.

पण सरांचे खरे शिकवणे मी पाहिले ते मे महिन्याच्या सुट्टीत. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे सबंध महाराष्ट्रात वर्षातून दोनदा सूर्य भर माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखालीच सापडते. आपल्या भागात हा दिवस १० मेच्या आसपास येतो आणि पुन्हा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. ऑगस्टात आभाळ भरलेले, मे महिन्यात शाळा बंद. सरांनी सुट्टीतच निरोप धाडला, “टोप्या घालून या, पाणी आणा.” पटांगणात ओळंबा लावून सरळ उभी केलेली काठी, भोवती आम्ही. सावली आखडत चालली. बारा वाजले तरी ती होतीच. “सर, बारा वाजले की!” सर म्हणाले, “घड्याळाचे वाजले, साताऱ्याचे नाही वाजले.”

मग तिथेच जमिनीवर काटकीने हिशेब मांडला. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या. सातारा साधारण ७४ अंशांवर. फरक साडेआठ अंश, प्रत्येक अंशाला चार मिनिटे, म्हणजे चौतीस मिनिटे. पुस्तकातली ती रेषा मी पहिल्यांदा उन्हात पाहिली. सावली मात्र साडेबारालाच नाहीशी झाली, चार मिनिटे आधी. आम्ही विचारले, “ही चार मिनिटं कुठं गेली?” सर हसले. “ती तुमच्यासाठी ठेवलीत.” पृथ्वीची लंबवर्तुळाकार कक्षा आणि तिचा कललेला अक्ष या दोन्हींमुळे सूर्य घड्याळाच्या थोडा मागेपुढे होतो, हे मला डी.एड.ला असताना ग्रंथालयात सापडले. सरांना हे ठाऊक होते. त्यांनी ते सांगितले असते तर मी ते शोधायला गेलेच नसते, असे मला आजही ठामपणे वाटते.

बाईंची गोष्ट वेगळी. ५ सप्टेंबरला सगळ्याच शाळांत मुले एक दिवसाची शिक्षक होतात. साडी नेसायची, छडी घेऊन मिरवायचे, फोटो काढायचा. बाईंना हे मान्य नव्हते. मी दहावीत होते. पाचवीचा तास माझ्याकडे आला तेव्हा आठ दिवस आधी त्यांनी मला स्वतःची टाचणवही, म्हणजे तास कसा घ्यायचा याचे टिपण लिहिण्याची वही, दिली. इतकी वर्षे तीच कविता शिकवत असूनही दरवर्षीचे टाचण नवे होते. एका समासात लिहिले होते, ‘मागच्या वेळी मुलांना मोट माहीत नव्हती. चित्र न्यावे.’ शिकवणाऱ्या बाई आमच्याकडून शिकत होत्या आणि ते लिहून ठेवत होत्या! तो समास वाचताना मी ठरवले की हेच करायचे.

माझ्या तासाला त्या मागच्या बाकावर बसल्या. तास संपल्यावर एक कागद हातात दिला. त्यावर बाकांची आकृती, आणि जे मूल बोलले त्याच्या जागी एक टिंब. कौतुकाचा शब्द नाही, टीकाही नाही. म्हणाल्या, “खिडकीकडची रांग बघ. शनिवारचा माझा तास तू घे, त्या रांगेपासून सुरुवात कर.” मी घेतला. खिडकीकडच्या एका मुलीने आजीची ओवी म्हणून दाखवली आणि अर्धा वर्ग तिच्यामागून म्हणू लागला. त्या दिवशी घरी जाऊन वडिलांना सांगितले, मला नर्सिंगला जायचे नाही.

डी.एड.ला प्रस्तावना, हेतुकथन, मूल्यमापन सगळे रीतसर शिकले, सराव पाठ झाले, ते उपयोगी पडले. पण टिंबांचा कागद मी अजूनही करते. पहिली ते चौथी एकत्र बसवलेल्या वर्गात तर त्याशिवाय चालत नाही, कारण एका इयत्तेशी बोलताना बाकीच्या तीन आपोआप गप्प होतात.

शाळेतल्या आजच्या शिक्षकांना माझी विनंती आहे: शिक्षकदिनाचा तास मुलांना तयारीसह द्या, टाचण लिहून घ्या आणि मागच्या बाकावर बसा. आणि १० मेच्या सुमारास मी दरवर्षी माहेरी असते. सुट्टीत जी मुले यायला तयार असतील त्यांची नावे मुख्याध्यापकांकडे द्यावीत. काठी आणि ओळंबा मी घेऊन येईन. त्या चार मिनिटांचे उत्तर मात्र त्यांना सांगू नका.