वृत्ताचा पेपर आणि जोडाक्षराचा अर्धा नियम

माझे सगळे शिक्षण बडोद्यात आणि तेही गुजराती माध्यमातून झाले. नोकरीतून मोकळी झाल्यावर मराठी साहित्याची प्रमाणपत्र परीक्षा द्यायचे ठरवले, तेव्हा धास्ती होती ती जुन्या गद्याची आणि शुद्धलेखनाची. ते दोन्ही निभावले. घोडे अडले ते काव्याच्या विभागात, त्यातही वृत्त, म्हणजे ओळीतल्या ऱ्हस्व-दीर्घ अक्षरांचा ठरावीक साचा, ओळखण्याच्या प्रश्नात. या अडण्याचे श्रेय मी परीक्षा केंद्राने दिलेल्या अभ्यासपुस्तिकेला देते आणि अजूनही ती पुस्तिका दिसली की माझे डोके तापते.

अलंकारांबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. उपमेय (ज्याची तुलना करायची ते) कोणते आणि उपमान (ज्याच्याशी करायची ते) कोणते हे आधी शोधावे आणि मग त्या दोघांचे नाते कवीने कसे मांडले आहे ते पाहावे, एवढे केले की निम्मे काम होते. आमच्या सूरसागर तलावाचे पाणी आरशासारखे आहे म्हटले की उपमा, पाणी जणू आरसाच म्हटले की उत्प्रेक्षा, पाण्याचा आरसा म्हटले की रूपक आणि हे पाणी नव्हे, आरसाच आहे म्हटले की अपन्हुती. रस आणि शब्दशक्ती यांवरचे प्रश्न व्याख्या पाठ असल्या तरी सुटतात. त्यात शिकण्याचा आनंद मात्र फारसा नाही.

गण, म्हणजे लघू (ऱ्हस्व) आणि गुरू (दीर्घ) अक्षरांचे तीन-तीनांचे गट, हेही मला शाळेपासून येत होते, कारण गुजराती व्याकरणातही तेच सूत्र असते: यमाताराजभानसलगा. हव्या त्या गणाचे अक्षर घ्यावे आणि पुढची दोन अक्षरे जोडावीत. 'यमाता' म्हणजे लघू, गुरू, गुरू हा य गण. 'राजभा' म्हणजे गुरू, लघू, गुरू हा र गण. असे आठ गण. उच्चाराच्या वेळेच्या हिशेबात लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. इथवर काहीच अडचण नव्हती.

आता पुस्तिकेकडे वळते. ती झेरॉक्सची झेरॉक्स होती. लघूसाठी अक्षराच्या डोक्यावर अर्धचंद्र आणि गुरूसाठी आडवी रेघ काढतात, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच त्या पानावर काहीतरी काढले आहे असा संशय आला असता. अर्धचंद्रांचे तळ तेवढे उमटले होते, त्यामुळे तेही रेघांसारखेच दिसत. त्यातच अक्षरवळण बदलताना सारी चिन्हे एक घर डावीकडे सरकली होती आणि 'मना सज्जना' या ओळीत जे चिन्ह 'म'वर असायला हवे होते ते अवतरणचिन्हावर जाऊन बसले होते.

चिन्हांचे मी चालवून घेतले असते, पण नियमही अर्धाच छापलेला होता. 'जोडाक्षराच्या मागील अक्षर गुरू मानावे' एवढेच वाक्य, पुढे पूर्णविराम. रामदासांच्या त्या ओळीला हा नियम चपखल बसतो: म ना स, ज्ज ना भ, क्ति पं थे, चि जा वे. 'सज्जना'मधला 'स' आणि 'भक्ति'मधला 'भ' पुढच्या जोडाक्षरामुळे गुरू होतात, चारही गण य पडतात आणि भुजंगप्रयात हे वृत्त सिद्ध होते. मात्र सरावाच्या ज्या ज्या ओळीत 'तुझ्या', 'पुन्हा', 'तुम्ही', 'दुसऱ्या' असे शब्द होते, ती ती ओळ कोणत्याच वृत्तात बसेना. नियमाप्रमाणे 'तुझ्या'तला 'तु' गुरू धरला की सुरुवातीचा य गण म गण होऊन बसे आणि उत्तरात मात्र भुजंगप्रयातच लिहिलेले असे. कारण कुठेही दिलेले नव्हते.

केंद्रावर विचारायला गेले तर खिडकीतल्या गृहस्थांनी सांगितले, "बेन, पुस्तिका वरून छापून येते, आम्ही फक्त वाटतो." शुद्धिपत्र आहे का, म्हटल्यावर "अर्ज द्या" असे उत्तर आले. अर्ज दिला, तर त्यावर विषयतज्ज्ञांचा शेरा लागतो असे कळले. विषयतज्ज्ञ कोण, हे मात्र कोणालाच सांगता येईना. पुढच्या खेपेला अर्जाची पोच मागितली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी त्यांच्या घराचा उतारा मागत होते. त्या पायऱ्यांवर उभ्याउभ्याच मी एक ओळ जुळवली: 'तुझ्या पायरीला उभी राहिले मी'. कानाला ती शुद्ध भुजंगप्रयात लागत होती आणि पुस्तिकेच्या नियमाने पहिल्याच अक्षरावर मोडत होती. तेव्हा माझी खात्री पटली की कान बरोबर आहे आणि नियम अपुरा आहे.

गाठ सुटली ती शेजारच्या बेनकडे. त्या गुजराती शाळेत भाषा शिकवीत. त्यांनी मला 'मळ्या' आणि 'सत्य' हे दोन गुजराती शब्द मोठ्याने म्हणायला लावले आणि विचारले, "धक्का कुठे लागतो?" 'सत्य' म्हणताना जीभ 'स'वर आपटून थांबते, 'मळ्या' म्हणताना ती 'म'वरून सरळ पुढे जाते. मराठीतही हेच आहे. जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर येत असेल तरच ते गुरू होते, नसेल तर लघूच राहते. नियमाचा हाच उरलेला अर्धा भाग, आणि तो छापायला एक ओळ पुरली असती.

तेव्हापासून मी स्वतःपुरती काही खूणगाठ बांधली. 'सत्य', 'पुत्र', 'भक्ती', 'दिव्य' अशा संस्कृतातून आलेल्या शब्दांत आघात येतो. 'कट्टा', 'पक्का', 'गल्ली' अशा द्वित्ताच्या शब्दांतही येतो. 'तुझ्या', 'पहिल्या', 'कुठल्या' अशा सामान्यरूपांत आणि 'पुन्हा', 'उन्हात', 'जिव्हाळा' अशा हकार जोडलेल्या शब्दांत बहुधा येत नाही. 'दुसऱ्या'तल्यासारखा चंद्रकोरीचा ऱ दिसला तर मागचे अक्षर बिनधास्त लघू धरावे. सर्वांत मजा 'दिव्यांचा' या शब्दाची आहे. दिव्याचे अनेकवचन असेल तर 'दि' लघू आणि दिव्य गोष्टींबद्दल बोलणे चालले असेल तर 'दि' गुरू. लिखाण अक्षरशः एकच, गण मात्र य आणि म. पानावरची चिन्हे कितीही स्वच्छ असली तरी असा शब्द म्हणून पाहिल्याशिवाय सुटत नाही.

पडताळा पाहायला मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात गेले. सयाजीराव महाराजांच्या काळातले ते ग्रंथालय मराठी पुस्तके सांभाळून आहे. ज्यांच्या 'छंदोरचना' या ग्रंथाने मराठी छंदःशास्त्राला शिस्त लावली ते माधव जूलियन १८९४ साली याच बडोद्यात जन्मले, आणि त्याच गावात मला अर्ध्या नियमाची झेरॉक्स हातात मिळावी, याचा राग मला तिथल्या खुर्चीवर बसूनही आलाच. गण मोजायचे ते वृत्त, मात्रा मोजायच्या ती जाती आणि केवळ अक्षरे मोजायची तो छंद, हा भेद मात्र डोक्यात पक्का झाला. पुस्तिकेत तिन्ही एकाच मथळ्याखाली कोंबलेले आहेत.

परीक्षेच्या दृष्टीने एक गोष्ट खरे तर आधीच सांगायला हवी होती: गण पाडण्यापूर्वी अक्षरे मोजावीत. जोडाक्षर एकच अक्षर धरावे. नेमलेल्या वृत्तांपैकी बारा अक्षरांचे भुजंगप्रयात, चौदांचे वसंततिलका, पंधरांचे मालिनी, एकोणीसांचे शार्दूलविक्रीडित. सतरा आली तर तीन वृत्ते समोर उभी राहतात, पण पहिली चार अक्षरे गुरू असतील तर मंदाक्रांता; एक लघू आणि मग ओळीने पाच गुरू असतील तर शिखरिणी; लघू, गुरू, लघू अशी सुरुवात असेल तर पृथ्वी. एवढ्यावर उत्तर निघते आणि गण केवळ दाखवण्यापुरते पाडायचे राहतात.

माझ्या प्रश्नपत्रिकेत आलेल्या ओळीत 'पुन्हा' होतेच. मी 'पु' लघू धरला, शेजारी कंसात 'आघात नाही' असे कारण लिहिले आणि त्या प्रश्नाचे पूर्ण गुण मिळवले, ज्याचा मला प्रमाणपत्रापेक्षा जास्त अभिमान आहे. शुद्धिपत्र आजतागायत निघालेले नाही. यंदा नाव नोंदवलेल्या ओळखीच्या मुलीच्या हातातही तीच फिकी पुस्तिका पाहिली.

तिला सांगायचे राहिलेले इथे लिहिते. सगळे गण जुळूनही ओळीचे अगदी शेवटचे अक्षर लघू येत असेल, तर खोडाखोड करू नये. चरणाच्या शेवटी थोडे लांबवून म्हटले जाणारे अक्षर गुरू धरण्याची मुभा आहे, पुस्तिकेत ती नसली तरी.