काळांची वही : पावसाळ्यापर्यंतची प्रगती

मागच्या नोंदीत ठरवलं होतं, बारा काळांचा तक्ता बाजूला ठेवायचा. घरात दिवसभर जी वाक्यं कानावर पडतात ती वहीत उतरवायची आणि इंग्रजीत त्यांना कुठला काळ लागतो ते बघायचं. तक्ता चूक नाही, पण तो नुसती रूपं दाखवतो, कुठलं केव्हा घ्यायचं ते सांगत नाही. (फ्यूचर परफेक्ट कंटिन्युअस रोजच्या बोलण्यात कुणाला लागतो, हे कळलं तर मलाही कळवा.)

सगळ्यात जास्त पानं खाल्ली ती 'झोपलंय, बसलेत, नेसलीय' या मंडळींनी. 'बाळ झोपलंय.' 'आजोबा गॅलरीत बसलेत.' 'ती निळी साडी नेसलीय.' शाळेतल्या शिकवणीप्रमाणे हा पूर्ण वर्तमानकाळ, म्हणजे हॅव-हॅज हवं. इंग्रजी मात्र म्हणते, 'द बेबी इज स्लीपिंग', 'ग्रँडपा इज सिटिंग इन द बाल्कनी', 'शी इज वेअरिंग अ ब्लू सारी'. आपल्या लेखी बसण्याची क्रिया आटोपली, आता उरली ती बैठक. इंग्रजीच्या लेखी ती बैठकच चालू आहे. 'आजोबा बसताहेत' म्हणून बघा, गुडघ्यावर हात टेकून सावकाश खुर्चीत उतरणारे आजोबा डोळ्यांपुढे येतील.

पण 'दूध उतू गेलंय' आणि 'किल्ली हरवलीय' यांना हॅव-हॅजच लागतं: 'द मिल्क हॅज बॉइल्ड ओव्हर', 'आय हॅव लॉस्ट द की'. म्हणून सध्या माझी कसोटी अशी: झोप, बसणं-उभं राहणं, अंगावरचे कपडे असतील तर इज-आर आणि आयएनजी. काहीतरी घडून गेलं आणि त्याचा परिणाम ओट्यावर सांडलेला दिसतोय, तर हॅव-हॅज. आतापर्यंत तरी टिकली आहे.

'मी त्यांना कालच सांगितलंय.' मराठीत बिनतक्रार चालतं. इंग्रजीत 'यस्टरडे' आलं की हॅव बाद, 'आय टोल्ड देम यस्टरडे'. यामागचं कारण मला हान्स रायशेनबाख या तत्त्वज्ञाच्या 1947 च्या मांडणीमुळे नीट उमगलं. त्यांनी तीन वेळा वेगळ्या केल्या: बोलण्याची, घटनेची आणि जिथून आपण घटनेकडे बघतो ती. 'टोल्ड' आणि 'हॅव टोल्ड' दोन्हींत घटना मागेच पडलेली असते. पण 'टोल्ड' म्हणताना आपण कालच्या दिवसात उभे असतो, 'हॅव टोल्ड' म्हणताना आजच्या. आजमध्ये उभं राहून 'यस्टरडे'ची तारीख लावायला इंग्रजी परवानगी देत नाही.

हेच 'जेवलास का?'चं. दुपारी एकला 'हॅव यू हॅड लंच?', कारण जेवणाची वेळ अजून चालू आहे. संध्याकाळी सहाला 'डिड यू हॅव लंच?' अमेरिकेत राहणारे म्हणतील, आमच्याकडे एकलाही 'डिड यू ईट येट?' चालतं. चालतं खरं. तिकडे 'जस्ट', 'ऑलरेडी', 'येट' यांच्याबरोबर साधा भूतकाळ सर्रास येतो. मी वहीत ब्रिटिश वळणच ठेवते आहे, दोन्ही एकदम केलं की गोंधळ होतो.

'मी इथे 2015 पासून राहते' या वाक्याचं आपल्याकडे हटकून 'आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स 2015' होतं. हवं 'आय हॅव लिव्ह्ड' किंवा 'आय हॅव बीन लिव्हिंग'. सुरुवात तेव्हाची आणि अजून चालू, म्हटल्यावर हॅव आलंच.

'पोचलो की फोन करतो' आणि 'पाऊस आला तर येणार नाही' यांत न घडलेल्या गोष्टीला आपण बिनधास्त भूतकाळ लावतो. इंग्रजीत तिथे साधा वर्तमानकाळ: 'व्हेन आय अराइव्ह', 'इफ इट रेन्स'. 'विल' फक्त दुसऱ्या अर्ध्यात. फार डोकं लागत नाही.

सध्या अडले आहे ते 'जायचो'पाशी. 'सुट्टीत आम्ही मामाकडे जायचो' याला 'यूज्ड टू गो' आणि 'वुड गो' दोन्ही चालतात. 'तेव्हा आमच्याकडे म्हैस होती' याला मात्र 'यूज्ड टू हॅव'च, 'वुड' नाही. 'वुड' वारंवार केलेल्या कृतीला लागतं, स्थितीला नाही, इथवर पोचले आहे. सीमेवरची वाक्यं हवी आहेत. 'तो फार लाजायचा' हे कुठल्या बाजूला टाकाल?